घोडीच्या पाठीपलीकडून

ये गं बाई, अशी जवळ ये. दारात पाहुणीसारखी काय उभी राहतेस? आणि केस एवढे कोरडे का? तेलाचा थेंब लागला तर काय बिघडतं तुमच्या पिढीचं? कितीतरी महिन्यांनी आजीची आठवण येते, तीही कुठे सहलीला निघालात म्हणून वाटेत. चहा उभ्यानं प्यायचा, अर्धा ठेवायचा आणि पळायचं. बस खाली. आता तू इथे नाहीस हे मला ठाऊक आहे. पण तू समोर बसली आहेस असं धरलं की मला लिहायला सुचतं. नाहीतर नुसत्या कागदाशी मी काय बोलू?

त्या दिवशी जाता जाता तू विचारलंस, "आजी, समोरच्यांची गाय बुजली तेव्हा तू तिला काय म्हणालीस? सो, सो असं?" मी म्हटलं, काही नाही गं. तुला घाई होती. पण ती भाषा होती, डेन्मार्क नावाच्या देशाची. तिकडे घोडा बिथरला की त्याच्या मानेवर हात ठेवून तसं म्हणतात. आता, पनवेलच्या ज्या म्हातारीनं शाळेची पायरी पाहिली नाही, अक्षरं पोरांच्या पाटीवरून उचलली, तिला हे कुठून आलं, ते सांगते.

मी मूळची गव्हाणची. मिठागरातली माणसं आम्ही. आमच्याकडे बोलणं म्हणजे हाक मारणं. ह्या बांधावरून त्या बांधावर बोलायचं तर वाऱ्याच्या वर आवाज काढावा लागतो, आणि मग घरातही तोच आवाज राहतो. माझी आई जेवताना भाकरी मागायची ती अशी, की पलीकडच्या घरातून कुणी तरी आणून द्यावी. त्या घरातून लग्न होऊन मी पनवेलला आले आणि कानात कापूस घातल्यासारखं झालं.

घरात माणसं तीन, आणि चौथी घोडी. सासू माझ्या लग्नाआधीच वारलेली. सासरे टांगा चालवायचे, बंदरापासून बाजारापर्यंत, कधी उरणच्या रस्त्यानं गावोगाव. सासऱ्यांना मी मामा म्हणायची. आणि तुझे आजोबा मुंबईला एका साहेबाच्या तबेल्यात मोतद्दार होते. घोड्यांना खरारा करायचा, चंदी द्यायची, खोगीर चढवायचं आणि राहायचं तिथेच, घोड्यांच्या शेजारी. पंधरा-वीस दिवसांनी कधीतरी ठाण्यावरून फिरून येणाऱ्या बसनं यायचे. संध्याकाळी यायचे आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत.

सकाळी मामा टांगा जुंपून गेले की घरात मी आणि चूल. शेजारणी होत्या, नाही असं नाही. पण नव्या सुनेनं पाण्याला जावं आणि यावं. विहिरीवर जरा टेकली तर ते मामांच्या कानावर जायचं. दिवसभर बोलायला कोणी नाही, आणि संध्याकाळी माणूस घरात आलं तरी बोलायची सोय नाही. आमच्यात सासऱ्यासमोर सुनेनं नवऱ्याशी बोलायचं नसे. नाव घेणं लांबच राहिलं, "जेवता का" एवढंही विचारायचं नाही. नवऱ्यानंही बायकोकडे बघून बोलायचं नाही. बोलला तर बाईलवेडा. ताट वाढायचं आणि आत वळायचं. तू म्हणशील, रात्र होती ना. होती. पण घर दीड खोलीचं, मध्ये कुडाची भिंत आणि भिंतीपलीकडे मामांचा खोकला. तुझे आजोबा मुळातच लाजरे. कुजबुजायला गेले आणि तिकडून खोकला आला की यांचा शब्द घशातच बसायचा.

वर्ष गेलं असं. नवऱ्याचा आवाज मला माहीत होता, पण तो दुसऱ्यांशी बोलतानाचा. मला फार काही नको होतं गं. या माणसानं माझ्याशी बोलावं आणि मला मुंबईला आपल्याजवळ न्यावं, एवढंच.

एका सकाळी हे अंगणात घोडीला खरारा करत होते. घोडी तांबडी, कपाळावर पांढरा ठिपका, स्वभावानं थेट माझ्या आईसारखी. मनासारखं झालं नाही की साऱ्या आळीला कळायचं. मामा ओट्यावर विडी ओढत बसलेले. मी डोक्यावर पदर घेऊन बादली विसळत होते. आणि हे घोडीला म्हणाले, "ही तुझी आयाळ. आमच्या तबेल्यात हिला इंग्रजीत मेन म्हनतात. पन आमची मॅडम इंग्रज नाय, डेन्मार्कची. ती म्हनते, मांके."

मामा म्हणाले, "काय रं, घोडीला मामलेदार करतोस काय?"

"मुंबईच्या घोड्यांना समजतं, बाबा. हिलाच कशाला कमी लेखता?"

"तिला समजंल रं. टांग्यात बसनाऱ्यांना समजलं पायजे."

यांनी आपलं चालूच ठेवलं. खूर म्हणजे हूफ, मॅडमचा हॉव. खोगीर म्हणजे सॅडल, मॅडमचं सादल. तबेला स्टेबल, तिचा स्टॅल. ऐकताना मला वाटलं, ह्या दोन भाषा सख्ख्या जावा दिसतात; बोलायची ढब निराळी, पण भांडी तीच. मग घोडा आला. इकडे हॉर्स आणि तिकडे हेस्त. इथे मात्र जावांनी चुली वेगळ्या केलेल्या. घोडी म्हणजे मेअर, आणि तिकडे हॉपे. घोडीचं शिंगरू म्हणजे फोल, ते मॅडमचं फ्योल. माझे उच्चार बरोबर असतील असं नाही हं. मी जसे ऐकले तसे सांगते. तिकडची माणसं ऐकतील तर हसतील, पण ती कशाला येतात इथे ऐकायला.

मी बादली विसळत राहिले. इतकी, की मामा म्हणाले, "पोरी, पत्रा झिजंल तो."

हे गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी मामा टांगा सोडून जेवले आणि आडवे झाले, तेव्हा मी घोडीजवळ गेले. आयाळीवर हात ठेवला आणि म्हटलं, मांके. तिनं कान वळवला. त्या घरात आल्यापासून माझ्या बोलण्यावर कुणी कान वळवल्याचं ते पहिलंच. मग मी रोज दुपारी जायला लागले. खुरापासून कानापर्यंत घोडी पाठ करून टाकली.

पुढच्या खेपेला हे तिला पाणी दाखवत होते आणि मी दोरीवर मामांचं धोतर वाळत घालत होते. यांनी आयाळीवर हात ठेवून घोडीलाच विचारलं, "काय गं, काय हे?"

धोतराच्या आडून, हळूच, मी पण घोडीलाच सांगितलं, "मांके."

यांचा हात थांबला. वळून काही पाहिलं नाही. कान तेवढे लाल झाले. मग खुराकडे बोट. "हॉव." मग शेपटी. ती तर शिकवलीच नव्हती. "टेल," हे घोडीला म्हणाले, "मॅडमचं हेले." मी म्हटलं, "हेले."

अशी आमची बोलाचाल सुरू झाली, लग्नाला वर्ष होऊन गेल्यावर. तुला हसू येईल, पण एका घोडीच्या दोन बाजूंना उभं राहून, मामांच्या देखत, आम्ही नवराबायको गवत, लगाम, रिकीब, नाल यांवर बोलायचो आणि मला सकाळ कमी पडायची. त्या शब्दांत आमचं गुपित काही नव्हतं. नाल म्हणजे नालच. पण तो शब्द मुंबईहून माझ्यासाठी आणलेला असायचा. दुसऱ्यांचे नवरे गजरा आणायचे, बांगड्या आणायचे. हे "हेस्तेस्को" घेऊन आले, म्हणजे घोड्याची नाल. ते मी कितीतरी दिवस पोळ्या लाटताना तोंडात घोळवलं.

मामांना एका कानानं कमी ऐकू येतं असं आम्ही दोघांनी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं.

मग एकदा यांनी घोडीला बातमी दिली. "ऐक गं. तबेल्यामागची खोली रिकामी झालीय. मॅडम म्हनते, बायकोला आन, तिनं दानापान्याला हात लावावा. पन तिला माझं बोलनं समजलं पायजे. आदीच्या मोतद्दाराची बायको, मॅडमनं गवत मागितलं की पानी आनायची. आनि पानी मागितलं की रडायची." मग जरा थांबून, तिच्या कानाशी, "शिकशील?"

घोडीनं जोरात फुरफुर केलं.

"शिकंल," मामा ओट्यावरून म्हणाले. "चंदी वाढव तिची." आणि विडी विझवून मागल्या दारी गेले. त्यांचा चेहरा मला दिसला नाही.

त्यानंतर मी काय शिकले म्हणून सांगू! हे आले की घोडीशी बोलणं थांबतच नसे. ओट म्हणजे साहेबाच्या घोड्यांचं धान्य, ते हाउर, गवत म्हणजे ह्यो, पाणी म्हणजे वॅन, लगाम ब्रायडल आणि बिसल. मी भात वैरताना, भांडी घासताना तेच. मुंबईची ती खोली माझ्या डोळ्यांपुढे यायची. तिला कुडाची भिंत नव्हती.

थंडीत साहेब आणि मॅडम कर्नाळ्याला पक्षी बघायला निघाले आणि वाटेत आमच्याकडे थांबले. मोटारीत पुढे, ड्रायव्हरशेजारी, हे. सगळी आळी गोळा. मॅडम चांगली उंच, अंगात विजार. आमच्या आळीतली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "बाई हाय क बाप्या?" आणि पोरं फिदीफिदी हसली. साहेब मोटारीतच बसून राहिला, गळ्यात दुर्बीण. मॅडम सरळ अंगणात आली, घोडीला थोपटलं, मला पाहून हसली आणि लगामाकडे बोट करून विचारलं, "व्हॉट?"

मला येत होतं. ओठापर्यंत आलं. पण समोर मामा, शेजारी हे, मागे आळी. चारचौघांत, सासऱ्यापुढे, सुनेनं तोंड उघडायचं कसं? मी पदर आणखी ओढला. मॅडमनं गवताच्या भाऱ्याकडे बोट केलं. मी जमिनीकडे बघत राहिले. तिनं बादलीकडे बोट केलं. यांनी घसा खाकरला, पण तेही मला काही सांगू शकत नव्हते. सांगायचं कुणाला, कसं? पदराखालून मला मॅडमचे फक्त बूट दिसत होते. ते माघारी वळले.

मुंबईची खोली हातची चालली, एवढंच मला कळलं.

मी घोडीकडे गेले. तिच्या पलीकडच्या अंगाला उभी राहिले, मानेवर कपाळ टेकलं, डोळे मिटले आणि तिला सांगायला लागले. हॉर्स, हेस्त. मेअर, हॉपे. मेन, मांके. हूफ, हॉव. ब्रायडल, बिसल. आधी इंग्रजी, मग मॅडमचं, जसं शिकवलं होतं तसं. आळीतली कुजबुज थांबली. डोळे उघडले तर घोडीच्या पाठीपलीकडे मॅडम, आणि तीही माझ्याकडे न बघता घोडीलाच विचारत होती, "ह्यो?" मी भाऱ्यातून मूठभर गवत ओढलं. "वॅन?" मी बादली पुढे सरकवली. "हाउर?" ओट आमच्याकडे कुठले! मी चण्याच्या चंदीचं टोपलं धरलं, आणि घोडीनं त्यातच तोंड घातलं. मॅडम एवढी हसली की साहेब मोटारीतून उतरून बघायला आला. माझा चंदीनं माखलेला हात तिनं हातात धरला. म्हणाली, "सो, सो." बुजलेल्या घोडीला म्हणावं तसं.

खोली होळीनंतर माझी, असं ठरलं.

मोटार गेल्यावर मामा ओट्यावरून उठले. मग घोडीजवळ गेले आणि तिला म्हणाले, "बये, इतके दिस हितं वर्ग भरत व्हता नि मी बाहेर शिपायावानी बसलेलो. पोरांना वाटतं, म्हातारा बहिरा हाय." मी आत तांदूळ निवडत होते. जरा वेळानं पुन्हा त्यांचा आवाज आला, खालचा. "जाऊ दे पोरीला. तू नि मी हाय घराला." मी निवडलेले तांदूळ पुन्हा निवडले.

गव्हाणला जाऊन आईला सांगून आले. तिनं ते बांधावर उभं राहून साऱ्या मिठागराला सांगितलं. लुगडी घडी करून ठेवली. डाळ-तांदळाची गाठोडी बांधली.

होळी तोंडावर आली आणि हे अवेळीच आले. टांगा नुकताच सुटला होता, घोडीच्या अंगावर घाम होता. यांनी खरारा हातात घेतला नाही. नुसतेच तिच्याजवळ जाऊन उभे राहिले.

"ऐक गं," म्हणाले. "साहेबांची बदली झाली. परत चाललेत, त्यांच्या देशाला. तबेला मोडला. दोन घोडे बोटीनं जायचेत, त्यांच्यासंगं मी जानार. तिथं त्यांना रुळवायचं. मॅडम म्हनते, दोन वरसं तरी ऱ्हावं लागंल."

मी उंबऱ्यात उभी. माझ्याकडे किती शब्द होते बघ. लगाम होता, खोगीर होतं, नाल, गवत, पाणी, शिंगरू, तबेला, सगळं दोन दोन भाषांत होतं. आणि मला जे विचारायचं होतं त्याला त्यातला एकही चालत नव्हता.

मग मी आपल्या भाषेत बोलले. पदर खांद्यावर आला होता, राहू दिला. मामा ओट्यावर होते, असू देत. यांच्याकडे सरळ बघून बोलले, गव्हाणच्या आवाजात. "आनि माझं काय? मला नेनार नाय? कवा येनार तुमी?"

मामा उठले. मला वाटलं, आता ओरडतात. त्यांनी विडी कानामागे खोचली, चाक बघून येतो असं काहीतरी पुटपुटले आणि रस्त्यावर गेले. जाताना अंगणाचं फाटक ओढून घेतलं. रस्त्यावर जमलेल्या पोरांना हाकललेलंही मला ऐकू आलं.

अंगणात आम्ही दोघंच. यांनी माझ्याकडे पाहिलं. पुरतं पाहिलं, उजेडात, पहिल्यांदा. त्यांचे डोळे घारे आहेत हे मला तेव्हा कळलं. मग नजर घसरली आणि घोडीवर गेली. तिच्या मानेवर हात ठेवून तिलाच म्हणाले, "येईन गं. सांग तिला, येईन."

मला नको होतं गं घोडीकडून ऐकायला.

ते गेले. मामा बंदरापर्यंतसुद्धा पोचवायला गेले नाहीत. म्हणाले, घोडीचा पाय दुखतोय. तिचा पाय ठणठणीत होता. त्या दिवसांतलं काय सांगू? सकाळी टांगा गेला की घर एवढं मोठं वाटायचं की एका कोपऱ्यात केर काढताना दुसरा कोपरा परका वाटे. दुपारी घोडीजवळ जायची, पण शब्द म्हणावेसे वाटत नसत. एकदा मामांनी गवत टाकताना मला विचारलं, "ती बाई घासाला काय म्हनायची?" मी म्हटलं, "ह्यो." त्यानंतर ते रोज भारा टाकताना "ह्यो, ह्यो" करायचे आणि स्वतःशीच हसायचे. माझ्यासाठी हसायचे, हे मला कळत होतं.

हे आले. तिसरा पावसाळा उलटल्यावर आले, अंगावर लोकरीचा गळपट्टा, हातात पत्र्याची पेटी. मामांनी लगाम त्यांच्या हातात दिला आणि ओट्यावर बसले ते कायमचेच. दोन वर्षांनी मामा गेले बिचारे; तोवर यांनी घोडीपाशीही तिकडचं नाव काढलं नव्हतं.

दिवस-कार्य झालं, पाहुणे पांगले. आता घरात कुणापुढे पदर घ्यायचं राहिलं नव्हतं. मी यांना ताट वाढलं आणि आत न वळता समोर बसले. म्हटलं, "आता बोला. कसा होता तो देश? काय खायचात? माझी आठवण यायची का?"

यांनी इकडेतिकडे पाहिलं. हात धुतले. उठून अंगणात गेले. मी मागोमाग. आणि घोडीच्या पलीकडे उभे राहून हे बोलायला लागले. बर्फ कसा पडतो, घोड्यांच्या नाकपुड्यांतून वाफ कशी निघते, मॅडमची आई खिडकीतून साखर कशी द्यायची, तिथल्या तबेल्यात हे एकटे बसून कुणाकुणाचे विचार करायचे, सगळं. ऐकणारी घोडी. मी अलीकडे उभी. राग आला का? आला. पण कान देऊन ऐकलं, कारण सोडून कशी देणार? आमचा संसार तसाच झाला. पोरं झाली, त्यांची दुखणी, शाळा, भाऊबंदकी, जे बोलायचं ते तिथे. पोरांना वाटायचं, आईबाप घोडीचं फार करतात.

पनवेलला आगगाडी आली त्या सुमाराला घोडी गेली. म्हातारी झाली होती. दुसरी घेतली नाही. हे भातगिरणीत कामाला लागले. आणि आमचं बोलणं बंद पडलं. भांडण नाही, काही नाही. यांना फक्त कुठे बघून बोलावं ते कळेना. पोरांकडे बघून "मीठ" म्हणायचे. पोरं खेळायला गेली की भिंतीकडे बघून "येतो." एका संध्याकाळी मी म्हटलं, "माझ्याकडे बघा की. मी काय चावते?" हे हसले. उठून घोडीच्या रिकाम्या तबेल्यात जाऊन उभे राहिले. मी गेले. मध्ये घोडी नव्हती. पण तिच्याएवढी जागा सोडून आम्ही दोघं उभे राहिलो, हे पलीकडे, मी अलीकडे. यांनी हात उचलला, तिच्या मानेच्या उंचीवर आणला आणि खाली घेतला. चुलीवर भात होता, मी परत आले.

तुझे आजोबा वाईट नव्हते. आळीतले कितीतरी पुरुष घोडीशीही दोन शब्द बोलले नसतील. पण मला वाटतं ते वाटतंच. गर्दीच्या घरात नांदले, पोरं, सुना, नातवंडं, आणि माझ्याकडे बघून सावकाश बोललेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी. तू त्यातली. घाईत असलीस तरी डोळे माझ्याकडे असतात.

म्हणून ये. पुढच्या रविवारी ये, नाहीतर त्याच्या पुढच्या, पण फार लांबवू नकोस. गव्हाणहून चिंबोऱ्या मागवून ठेवते, तुला आवडतं तसं कालवण करते. सकाळीच ये, म्हणजे संध्याकाळपर्यंत बसता येईल. बसून चहा पी. आणि येणार असलीस तर आदल्या दिवशी कळव, मी दार उघडंच ठेवीन.